कानामागचा जांभळा ठिपका

आक्का, स्वतःच्या कानामागचं स्वतःला दिसत नाही. त्याला दोन आरसे लागतात. सांगलीच्या आमच्या हॉस्टेलमध्ये एकच आरसा आहे, बेसिनच्या वर, तोही कोपऱ्यात फुटलेला. परवा मी मैत्रिणीचा छोटा आरसा मागून घेतला आणि मान वाकडी करून उजव्या कानामागे बघितलं. काही नव्हतं. असणारही नव्हतं. तू लावलेला शेवटचा ठिपका धुऊन जाऊन पंधरा वर्षं तरी झाली असतील. तरी मी बराच वेळ तशीच उभी होते. मैत्रीण म्हणाली, "काय गं, काही चावलं का?" मी हो म्हटलं.

तू गेल्यापासून माझं असंच चाललंय. निम्मी मी इथे असते, निम्मी कुठे असते ते मलाही सांगता येत नाही. सकाळी कृष्णेवर धुकं असतं. घाटाच्या खालच्या पायऱ्या त्यात बुडून जातात. मला वाटतं, आता त्या पांढऱ्यातून आपली मेंढरं एकेक करून वर येतील आणि त्यांच्या मागून तू येशील, खांद्याला बाळूकाकानं शिवलेली खाकी पिशवी अडकवून. स्वप्नातही तू तशीच येतेस. बोलत नाहीस. नुसता माझा कान धरून हलकेच पुढे वळवतेस आणि मागे बघतेस. मी विचारते, "काय दिसतंय गं?" तेवढ्यात जाग येते.

मला असं लिहायची सवय नाही. कॉलेजात जाणारी आपल्या घरातली मी पहिलीच, आणि निबंध सोडून मी काही लिहिलेलं नाही. पण तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती तोंडानं सांगायची वेळ मी घालवली. म्हणून लिहिते.

तू माझ्या आजोबांची थोरली बहीण. आजोबा तुला आक्का म्हणायचे म्हणून सगळं घर म्हणायचं, घर म्हणायचं म्हणून गाव. आजोबांचा धाकटा मुलगा बाळूकाका तेवढा तुला आत्या म्हणायचा. माणमधल्या आपल्या दुष्काळी गावात, जिथे पाण्याचा टँकर आला की शाळा सुटल्यासारखी पोरं पळतात, तिथे लहान पोराला पोलिओचा डोस पाजला की तू त्याच्या कानामागे जांभळ्या औषधाचा ठिपका लावायचीस. सरकारी शाईची खूण बोटावर यायला लागली त्याच्या कितीतरी आधीपासून. पोरं एकमेकांचे कान वळवून बघायची. "तुला आक्काचा ठिपका हाय का? मला हाय!" माझ्या वेळेपर्यंत तू नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली होतीस, पण बाटली पिशवीत असायचीच. मला खरचटलं तरी तू जखमेला औषध लावायचीस आणि वर कानामागेही एक ठिपका द्यायचीस. म्हणायचीस, "हं, झालं. आता रडायचं न्हाई. ठिपका पुसंल."

हा ठिपका कुठून आला ते तू मला एकदाच सांगितलंस, ज्वारी निवडता निवडता, जसं काही कालचंच आहे अशा आवाजात.

एकाहत्तरची लढाई. तू जेमतेम तेवीस वर्षांची, उत्तरेकडच्या लष्करी दवाखान्यात. ट्रक भरून जखमी यायचे. कुणाला दुखणं थांबवायचं इंजेक्शन मिळालंय आणि कुणाला नाही, हे त्यांच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं. त्या दिवशी पाऊस होता. चिठ्ठ्यांवरची अक्षरं वाहून गेली होती, काही चिठ्ठ्याच गळून पडल्या होत्या. एका जवानाला तू सुई टोचणार, इतक्यात शेजारच्या खाटेवरचा ओरडला की याला आत्ताच दिलंय. तुझा हात तिथेच थांबला. दोनदा गेलं असतं तर तो उठला नसता.

"मग मला दादा आठवलं," तू म्हणालीस. तुझे वडील. मेंढरांना औषध पाजताना ते पाजलेल्या मेंढीला गेरूचा ठिपका लावून सोडायचे. दोनशे मेंढरांच्या कळपात दोनदा औषध एकीलाही जायचं नाही. तू जांभळ्या औषधाची बाटली उचललीस आणि ज्याला इंजेक्शन दिलं त्याच्या कानामागे ठिपका लावत निघालीस. कपाळावर पट्ट्या होत्या, हातांवर चिखल होता. कानामागची जागा तेवढी कोरडी.

तुमच्या मोठ्या सिस्टर भडकल्या. "ये क्या भेड़-बकरी हैं?"

"मैं बोलली," तू सांगत होतीस, आणि तुझी ती हिंदी ऐकून मी हसायला लागले होते, "जी, मेरे बाप की भेड़ दो बार दवा कभी नहीं पीती."

दुसऱ्या दिवसापासून त्या मोठ्या सिस्टरही ठिपके लावू लागल्या.

त्यातच एक खटावकडचा जवान होता. तुझं बोलणं ऐकून त्याला कळलं होतं की तू आपल्याकडची. "आवं सिस्टर, मला बी एक ठिपका लावा की. आई लावायची असाच, तीट म्हणून." तू म्हणालीस, "आरं, तुझं इंजेक्शन राहिलंय. ठिपका लावला तर तुला कुनी औषध देणार न्हाई." तो म्हणाला, "नसू द्या. ठिपका लावा." पुढे काय झालं, तो बरा होऊन गेला का, तू त्याला ठिपका लावलास का, ते तू सांगितलं नाहीस. सुपातली ज्वारी दोनदा पाखडलीस आणि म्हणालीस, "खडं लय हायत यंदा."

मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मी थबकते. हे तूच मला सांगितलंस.

बारावीनंतर मी नर्सिंगचा फॉर्म भरला. आई खूश, गाव खूश, सगळे म्हणाले, आक्काचीच नात शोभतेय. तू मात्र दोन दिवस बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "शिक तू. काय बी शिक. पर हे नगं."

"का? तू नाही झालीस?"

"मी झाली म्हणून तर सांगती. तू लय थबकतीस, रूपे. दारात आलीस तरी आत यायचं का न्हाई इचार करतीस. नर्सला थबकून चालत न्हाई."

मला ते फार लागलं. आपला वाद तिथून सुरू झाला तो तू असेपर्यंत संपला नाही. मी सांगलीला आले, पांढरा युनिफॉर्म बाळूकाकानंच शिवून दिला, तू त्याचा काठ उलटून शिलाई बघितलीस आणि म्हणालीस, "शिवलंय चांगलं." बस, तेवढंच. मी दर सुट्टीला येऊन वॉर्डातल्या गोष्टी सांगायचे, आणि तू ऐकून शेवटी तेच म्हणायचीस, "अजून बी परत ये. कॉलेजं लय हायत."

तू असं का म्हणतेस ते मला गेल्या नोव्हेंबरात कळलं.

तुझा हयातीचा दाखला द्यायला आपण साताऱ्याला बँकेत गेलो होतो. तू जिवंत आहेस हे दरवर्षी तू स्वतः जाऊन सांगायचं, याचं तुला फार हसू यायचं. त्या वर्षी यंत्रावर तुझा अंगठा उमटेना. इतकी वर्षं साबणानं, औषधांनी हात धुऊन तुझ्या बोटांवरच्या रेघाच गेल्या होत्या. तो तरुण क्लार्क पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आजी, दाबा. अजून दाबा." शेवटी तू त्याचंच मनगट धरलंस. नर्स असल्यापासून छातीवर उलटं अडकवलेलं घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट तू त्याची नाडी मोजलीस.

"तुझी नाडी लय पळतीय, बाळा. जेवलास का?"

"नाही, आजी. गर्दी आहे."

"मग तू आधी जेव. मी काय, हयात हाय. मी थांबती."

तो हसला, आत गेला, आणि साहेबांना बाहेर घेऊन आला. दाखला मिळाला.

परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसलीस. पुसेगाव मागे पडलं. बाहेरचं ऊन पिवळं, सपाट, आणि माळावर एक कळप असा पसरलेला की जणू ढगाचीच सावली. तू तिकडे बघत होतीस. मला वाटलं तुला झोप लागली. आणि तू माझ्याकडे न बघताच बोलायला लागलीस.

लढाईनंतरच्या वर्षी दुष्काळ पडला. आजोबांची मेंढरं मरत होती, म्हणून तू ती नोकरी सोडून घरी आलीस. भावाचा संसार उभा केलास, आरोग्य उपकेंद्रात लागलीस, लग्नाचं नाव काढलं नाहीस. हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

बाळूकाका आठ महिन्यांचा होता. पोलिओच्या डोसाचा दिवस. तू सकाळपासून वाड्यावस्त्या फिरत होतीस, पोरामागून पोर, ठिपक्यामागून ठिपका. दुपारी घरी आलीस, तर तो झोळीत झोपलेला. तू त्याचा कान वळवलास. मागे जांभळा ठिपका होता. तुला वाटलं, आपल्याच घरातलं पोर, सकाळी निघताना दिलं असेल आपण. तू रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे खूण केलीस आणि पुढच्या वस्तीवर गेलीस.

ठिपका त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं लावला होता. त्याच्या तोंडातल्या फोडांसाठी तू दिलेलं औषध घरात उरलं होतं. तुझा ठिपका म्हणजे तीटच असं गावातल्या सगळ्या बायकांसारखं तिलाही वाटायचं, आणि काजळापेक्षा हा बरा, घामानं जात नाही. पुढच्या डोसाची वेळ यायच्या आत त्याला ताप आला. ताप उतरला तेव्हा डावा पाय उचलेना.

"मी वैनीला इचारलं, ठिपका कुनी लावला हुता? ती म्हणली, मीच की, दिष्ट लागू नये म्हणून. मी म्हणलं, बरं." तू खिडकीची काच सरकवलीस. "तवापास्नं नुसतं 'बरं' म्हणतीय."

मी म्हटलं, "तुझी काय चूक आहे त्यात?"

"हाय की. मी थबकली न्हाई. येकदा इचारायचं हुतं. घरातच तर हुती ती, चुलीम्होरं." मग तू माझ्याकडे वळलीस. "रूपे, बाळूला तू सांग. मला जमत न्हाई. चाळीस वरसं जिभेवर येतंय आन् माघारी जातंय. पर मी असतानाच सांग. मागनं नगं. त्याचं तोंड मला बघायचंय, काय व्हतंय ते."

मी म्हटलं, "सांगते."

आक्का, मी तीनदा आले. पहिल्यांदा अंगणाला लागून असलेल्या काकाच्या दुकानात जाऊन बसले. तो उजव्या पायानं शिवणयंत्र चालवत होता, डावा पाय नेहमीसारखा स्टुलाच्या दांडीवर अडकवलेला. तो म्हणाला, "काय गं, सांगलीत शिंपी न्हाईत व्हय? ब्लाउज आणलास का?" मी ब्लाउज आणला होता. तो देऊन परत आले. दुसऱ्यांदा तो गिऱ्हाईकाशी वाद घालत होता. तिसऱ्यांदा दुकानात कुणी नव्हतं, तो रिकामा होता, त्यानं मला चहा मागवला, आणि मी चहा पिऊन उठले. अंगणात तू बाजेवर बसली होतीस. माझं तोंड बघून तुला कळलं. "बरं," इतकंच म्हणालीस.

ते "बरं" आता माझ्या कानात आहे.

संक्रांत झाली आणि सकाळच्या उन्हात बाजेवर बसल्या बसल्या तू गेलीस. काका चहा घेऊन आला, तर तुझा हात तुझ्याच मनगटावर होता, नाडी बघत असल्यासारखा. मला वर्गात फोन आला. सांगलीहून विट्यामार्गे मी कशी आले ते मला आठवत नाही. फक्त खिडकीतून दिसलेली उसाची हिरवी शेतं हळूहळू संपत गेली आणि आपला करडा माळ लागला, तेवढंच आठवतं. कुणीतरी रंग पुसत चाललंय असं वाटत होतं.

माझे वडील, आप्पा, मुंबईहून यायचे होते म्हणून तुला संध्याकाळपर्यंत ठेवायचं ठरलं होतं. अंगणात बायका पाणी तापवत होत्या. काका दुकानात एकटाच बसला होता. यंत्रावर कापड नव्हतं, पण त्याचा पाय पायडलवर होता आणि चाक रिकामंच फिरत होतं. मी दारात थबकले. आणि मग आत गेले. सगळं सांगितलं. झोळी, ठिपका, रजिस्टर, एसटी, माझा शब्द, माझ्या तीन फेऱ्या. रडत नव्हते; घाईघाईनं बोलत होते, जणू तू अजून बाहेर बाजेवर आहेस आणि आत्ता सांगून झालं तर वेळेत होईल.

त्याचं तोंड तुला बघायचं होतं. मी बघितलं, आक्का. सांगते कसं होतं.

तो रागावला नाही. त्याला आश्चर्यही वाटलं नाही. लहान पोराचं गुपित मोठ्यांना आधीच माहीत असावं तसा तो माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "मला ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"आईनं. जायच्या आधी. म्हणली, मीच तुझा पाय घालवला. म्हणली, आक्काला बोलू नगंस, तिला वाटंल तिच्यामुळं झालं."

"मग तू आक्काला सांगायचं नाही का, काका? की मला माहीत आहे म्हणून?"

"कसं सांगू?" त्यानं चाकावर हात ठेवून ते थांबवलं. "तिला वाटलं असतं, इतकी वरसं ह्याला ठावं हाय आन् हा गप बसून माझ्या हातचं खातोय. मी म्हणलं, तिला ठावं न्हाई की मला ठावं हाय, तर तेवढंच तिला हलकं."

एका घरात तुम्ही तिघं. एकाच ठिपक्याभोवती, एकमेकांना जपत, एकमेकांना काही न सांगता. मला हसू आलं की रडू, कळेना.

मग तो म्हणाला, आणि हे तू नीट ऐक, कारण हे तुझंच आहे: "पाय गेला ती येक दुपार. ती मला आठवत बी न्हाई. पर आत्यानं त्येल लावून पाय चोळला त्या सकाळी मला आठवत्यात. पाठीवर घिऊन मिरजंला न्यायची, एसटीत लोकं जागा द्यायची तर म्हणायची, नगं, बसली की ह्याला खिडकीतनं दिसत न्हाई. रूपे, मला वाटायचं, पाय असता तर मी बी तुझ्या आप्पासारखा मुंबईला गेलो असतो. मग आत्या कुणाच्या वाट्याला आली असती?"

तो उठला. "तिची बाटली कुठाय?"

बाटली खाकी पिशवीत होती, तळाशी औषध वाळून गेलेलं. त्यानं दोन थेंब पाणी घातलं, हलवलं. मी काडीला कापूस गुंडाळून दिला. माझी बोटं जांभळी झाली. तोपर्यंत बायकांनी तुला अंघोळ घातली होती, केस पुसून मागे सारले होते. काका लंगडत अंगण ओलांडून आला, तुझ्या उशाशी कसाबसा खाली बसला. तुझा उजवा कान त्यानं इतक्या हलक्या हातानं पुढे घेतला की तू झोपलेली असतीस तरी जागी झाली नसतीस.

शेजारच्या हौसाकाकू म्हणाल्या, "आरं बाळू, म्हातारीला तीट लावतोस व्हय? आता कुणाची दिष्ट लागायची तिला?"

"लावू द्या की, काकू. तिनं साऱ्या गावाला लावला. तिला कवा कुनी लावला?"

त्यानं ठिपका लावला. वाकून तुझ्या कानाशी म्हणाला, "झालं, आत्या. तुला दिलं. आता परत न्हाई."

हौसाकाकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांच्या चार पोरांच्या कानामागे तूच ठिपके लावले होतेस.

मी तुझी माफी मागणार नाही असं ठरवून लिहायला बसले होते, कारण तू "बरं" म्हणशील. तरी मागते. तीन वेळा मी आत जाऊ शकले असते. तुला हे काकाच्या तोंडून ऐकता आलं असतं. आता माझ्याकडून कागदावर ऐकावं लागतंय, आणि तू ऐकतेस की नाही, तेही मला माहीत नाही. धुक्यात तू येतेस तेव्हा तुझ्या कानामागे ठिपका असतो का, ते मी बघायला जाते आणि तू तोंड वळवतेस.

नर्सिंग मी सोडलेलं नाही. वाद चालू आहे. पण आधी 'नर्सला थबकून चालत न्हाई' आणि मग एसटीत 'मी थबकली न्हाई' असं तू बोललीस, त्याचा मी हिशेब लावू बघते, आणि मला वाटतं तू दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्यास आणि दोन्ही खऱ्या आहेत. दारात थबकले ती माझी चूक. पण ठिपका दिसल्यावर थबकायचं असतं. हे तुला पटलं नसतं बहुतेक. तू म्हणाली असतीस, लय शानी झालीस.

माझ्या बोटांवरचं जांभळं आठवडाभर गेलं नाही. साबणानं घासलं नाही मी. गेल्या मंगळवारी वॉर्डात माझी गोळ्या वाटायची पाळी होती. सातव्या खाटेवरच्या आजोबांच्या कागदावर दुपारच्या गोळीपुढे खूण होती. मी पुढे निघाले आणि थांबले. परत फिरले. मागून आमच्या सिस्टर म्हणाल्या, "काय झालं? खूण आहे ना तिथे?"

"आहे, सिस्टर. तरी विचारते."

मी वाकून विचारलं, "आजोबा, दुपारची गोळी दिली का तुम्हाला कुणी?"

"दिली की, पोरी. मगाशीच."

"बरं," मी म्हटलं, आणि पुढच्या खाटेकडे गेले.